निकडीचा रकाना

पहिला अर्ज नामंजूर झाला तेव्हा मला वाटलं, आपलं इंग्रजी कमी पडलं. दुसरा झाला तेव्हा वाटलं, फोटो वाईट निघाले. तिसऱ्या वेळी मी त्या निवड समितीला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की चौथीच्या वर्गात, चित्रकलेच्या तासाला, एका मुलीनं विचारलं, "टीचर, तुमचे ओठ का हलतायत?" चौथ्या वेळी मात्र मी गप्प बसले. चार वेळा एकाच परीक्षेत आपटणाऱ्याला निदान आपण का आपटतो ते कळायला पाहिजे, आणि मला ते कळत नव्हतं.

मी मागत होते ते काही फार नव्हतं. एका वर्षाची सवड, बस्स. सोलापुरात चादरीच्या नक्षीचे ग्राफ हातानं काढणारे जे मोजके लोक उरलेत, त्यातले एक मास्तर मला शिकवायला तयार होते. ग्राफ म्हणजे बारीक चौकटींचा मोठा कागद. एकेक चौकट म्हणजे कापडातला उभ्या-आडव्या धाग्यांचा एकेक सांधा. जी चौकट कुंचल्यानं लाल भरायची, तिथं उभा धागा उचलला जाणार. जी कोरी ठेवायची, तिथं तो खालीच राहणार. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, ते पुठ्ठे मागावर चढतात आणि चादरीवर कमळ उमटतं. आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं. मी स्वतः कॉलेजात कॉम्प्युटरवरच शिकले. पण मास्तरांचं कमळ आणि माझं कमळ शेजारी शेजारी ठेवलं की माझं प्लास्टिकचं वाटायचं. का वाटतं, ते मला शिकायचं होतं. त्यासाठी रोज त्यांच्या बाजूला बसायला हवं, आणि शाळेतली नोकरी करून ते जमत नव्हतं. अशा कामासाठी कलाकारांना वर्षभराचं अनुदान देणारी एक संस्था होती. दर वर्षी मी तिथं अर्ज करत होते आणि दर वर्षी मास्तर एका वर्षानं म्हातारे होत होते.

मोडनिंबहून आईचा फोन यायचा. तिच्या लेखी अर्ज म्हणजे तहसील कचेरीत तिकीट लावून द्यायचा कागद.

"दिलास का अर्ज?"

"दिला."

"मग सायबाला एकदा भेटून ये की."

"आई, तिथं साहेब नसतो."

"सायबच न्हाय, तर अर्ज वाचतंय कोन?"

हा प्रश्न मलाही पडलेलाच होता.

उत्तर दिलं ते पुण्यातल्या एका मैत्रिणीनं. कॉलेजात माझ्या बाकावर बसायची. तिला असं अनुदान दोनदा मिळालेलं. माझा चौथा अर्ज वाचून तिनं फोन केला आणि हसायलाच लागली. "तुझ्या अर्जात सगळे सुखात आहेत गं. मास्तर सुखात, तू सुखात, चादर सुखात. सुखातल्या माणसाला कोण कशाला पैसे देईल?" मग तिनं मला तो रकाना उघडायला लावला. 'हे काम आत्ताच का? ते झालं नाही तर काय गमावलं जाईल?' त्या रकान्यात मी चार वर्षं हेच लिहीत होते की ही कला फार सुंदर आहे. "सुंदर आहे ते त्यांनाही दिसतं," ती म्हणाली. "बुडतंय काय ते सांग. कुणीतरी टेकीला आलेलं पाहिजे."

मला राग आला. पण राग आला तरी मी शिकले, आणि खोटं कशाला बोलू, चांगली शिकले. विशेषणं काढून टाकायला शिकले. पहिल्या वाक्यात माणूस आणायचा आणि दुसऱ्यात त्याच्यावरचं संकट, हे शिकले. 'शिकायचं आहे' असं लिहिलं की आपण लहान दिसतो, 'जतन करायचं आहे' असं लिहिलं की मोठे, हेही शिकले. शाळेतून आले की सरावाला म्हणून कशाचीही निकड लिहून बघायची. आमच्या गल्लीतल्या शेंगाचटणीवाल्या मावशींचीसुद्धा मी तीनशे शब्दांत अशी दैना करून ठेवली होती की त्या वाचतील तर मला पुन्हा चटणी देणार नाहीत.

मास्तरांचे सात ग्राफ त्या वेळी माझ्या घरी होते. स्कॅन करायला आणले होते. कॉम्प्युटरवर मोठे करून बघताना एका कमळाच्या पाकळीत मला एक चौकट चुकीची भरलेली दिसली. कोरी हवी होती, ती लाल होती. दुसऱ्या ग्राफमध्ये वेलीच्या वळणावर तशीच एक. मी सातही ग्राफ चौकट चौकट करून तपासले. सात ग्राफ, सात चुका. मास्तरांनी सत्तरी ओलांडली होती. मी माऊस ठेवला आणि मला आनंद झाला. हो, आनंदच. मला बुडणारं काहीतरी सापडलं होतं.

ग्राफच्या कोपऱ्यात तारखा होत्या. दोन ग्राफ तीस तीस वर्षांपूर्वीचे, म्हणजे तेव्हा मास्तर चाळिशीत असतील. त्या तारखा मी बघितल्या नव्हत्या असं नाही. बघितल्या आणि पुढे गेले.

निकडीचा रकाना एका बैठकीत भरला. मास्तरांची नजर अधू झाली आहे, त्यांच्या हातून आता चुका होतात, तपासलेल्या सातही ग्राफमध्ये चूक सापडली, अर्जदारानं त्या दुरुस्त केल्या आहेत. हे काम आत्ता झालं नाही तर जे उरेल ते सदोष उरेल. मैत्रिणीचा लगेच निरोप आला, "आता आला अर्ज!"

एकच गोष्ट राहिली होती. मास्तरांचं संमतीपत्र लागणार होतं, आणि त्यावर छापलेलं होतं की 'हा अर्ज मला समजेल अशा भाषेत पूर्ण वाचून दाखवण्यात आला आहे.' रविवारी संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. मी मुद्दाम शेवटच्या दिवसावर ढकललं होतं, म्हणजे प्रश्न विचारायला फार वेळ राहणार नाही.

दुपारी तीनला सोलापूरबाहेर कुंभारीला पोचले. तिथं कामगारांच्या वसाहतीत मास्तरांचं दोन खोल्यांचं घर. मास्तर खाटेवर बसले होते. त्यांची सून जमिनीवर मेथी निवडत होती. मी त्यांना वहिनी म्हणते; एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर नोकरी करतात, रविवार तेवढा घरी. मुलगा कामासाठी हैदराबादला. घरात तेलुगू, बाहेर मराठी, असं त्या घराचं चालतं. मास्तर तेलुगू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी त्यांना येत नाही. अर्ज इंग्रजीत होता.

मी एकेक वाक्य मराठीत करून वाचायला लागले. माझी ओळख, ग्राफ म्हणजे काय, वर्षभरात काय करणार. मास्तर मान हलवत होते. मधेच म्हणाले, "लई चांगलं लिवलंस की." निकडीचा रकाना जवळ आला. मी पाणी मागितलं, प्यायले, आणि ते दोन परिच्छेद असे ओलांडले की जणू कागदावर नव्हतेच. पुढच्या रकान्यावर गेले. माझा आवाज बदलला असणार, कारण वहिनींचा हात मेथीत थांबला.

वाचून झालं. मास्तरांनी पेन मागितलं.

"बघू जरा," वहिनी म्हणाल्या. पदराला हात पुसले आणि कागद घेतला. मी नको म्हणू शकत नव्हते. त्या ओठ न हलवता वाचत होत्या. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर थांबल्या, पुन्हा वरून वाचलं.

"मामा, सही करू नका."

मग त्यांनी ते दोन परिच्छेद मराठीत सांगितले. दवाखान्यात बिल वाचून दाखवावं तशा सरळ आवाजात. नजर अधू. हातून चुका. सातही ग्राफमध्ये. अर्जदारानं दुरुस्त केल्या. माझे कान इतके तापले होते की वरच्या पंख्याचा आवाजही मला लांबून आल्यासारखा वाटत होता. मास्तरांकडं बघायची हिंमत होत नव्हती.

"कुठली चूक?" मास्तर म्हणाले. "दाव."

ग्राफ परत द्यायला म्हणून बरोबर आणलेच होते. गुंडाळीतून पहिला काढून खाटेवर पसरला. मी बोट ठेवायच्या आत त्यांनीच ठेवलं. चष्मा नाही, वाकले नाहीत, हजारो चौकटींतून नेमकी तीच चौकट.

"हीच का?"

"हो."

"आन दुसऱ्यातली ही. व्हय की न्हाय?" दुसऱ्या ग्राफकडं त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही.

मी मान हलवली.

"चुकलं न्हाय पोरी ते. ठेवलंय." त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "लेकराच्या गालाला तीट लावतेत का न्हाय? तशी. आमी दिष्टी म्हनतो. काम पुरतं चांगलं करून सोडू नये, नजर लागते, माझ्या बापानं शिकवलंय. आन दुसरं म्हंजे, कुनी डिझाइन उचललं तर ठिपक्यासकट उचलतंय. त्याला काय ठाऊक? मालक चादर आनून पुढ्यात टाकायचा, मी बोट ठिवायचो. माझी हाय का न्हाय ते तिथंच कळायचं. चाळीस वर्सं झाली, एक ग्राफ बिगरदिष्टीचा सोडला न्हाय."

मग त्यांनी विचारलं, "सात बी पुसलीस?"

"कॉम्प्युटरवर. कागदाला हात नाही लावला."

"मग ऱ्हाऊ दे."

त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगितलंच पाहिजे. लाज नंतर वाटली. पहिल्यांदा वाटलं, हे तर त्याहून भारी आहे! तीट लावलेली चादर. समिती वेडी होईल. मी बोललेसुद्धा, "मास्तर, मी आत्ता बदलते, हेच लिहिते, दिष्टीचं." चार वर्षांत मी इतकी शिकले होते.

"न्हाय." या वेळी मात्र आवाज चढला. "हे लिवायचं न्हाय. छापून सांगितली की दिष्टी गेली. आन मी एकटाच ठिवतो व्हय? दुसऱ्यांचं काय?"

"मग ते दोन परिच्छेद काढून टाकते."

"मग त्या रकान्यात काय लिवनार?"

मास्तर धडधाकट होते. त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण होती. बुडत काहीच नव्हतं, फक्त मला शिकायचं होतं, आणि तसं लिहून मी चार वेळा नापास झाले होते.

"चार डाव पडलीस न्हवं?" मास्तर म्हणाले.

"हो."

"कागदावर आंधळा झालो म्हनून काय डोळं जानार हायत का माझं? आन हिकडं."

वहिनी तेलुगूत काहीतरी भराभर बोलल्या. त्यांनी हातानंच थांबवलं आणि सही केली. तेलुगू अक्षरात, सावकाश, शेवटचा गोल पुरा करून.

खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. मी गच्चीवर गेले. सहीच्या कागदाचा फोटो काढला, चढवला, तो अर्ध्यावर अडकला, पुन्हा चढवला. पावणेसहा झाले होते. मागं पायऱ्यांवर वहिनी येऊन उभ्या होत्या.

"अजून पंधरा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "ते दोन परिच्छेद बदलता येतात तुम्हाला. ते काही म्हणाले तरी."

"बदलून काय लिहू?"

"ते मला काय माहीत? लिहायला तुम्ही शिकलायत."

माझा अंगठा बटणावर होता. मी पाच मिनिटं तशीच उभी राहिले असेन. विचार करत होते असं म्हणणं बरं दिसेल, पण मी विचार करत नव्हते. वहिनी कधी खाली जातात याची वाट बघत होते. त्या गेल्या नाहीत. त्यांच्या देखत मी बटण दाबलं.

अनुदान मिळालं, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्याची काळजी नको. शाळा सोडली. वर्षभर मास्तरांच्या बाजूला बसले. कमळ आता मला बऱ्यापैकी येतं, आणि त्यात दिष्टी कुठं ठेवायची तेही येतं. हल्ली नवी मुलं अर्ज दाखवायला माझ्याकडं येतात. पण मंजुरीच्या आधी संस्थेकडून एक बाई प्रत्यक्ष बघायला आल्या होत्या, ते मी त्यांना सांगत नाही.

बाई चेन्नईच्या होत्या, पन्नाशीच्या, बोलायला गोड. मराठी, तेलुगू त्यांना येत नव्हतं, हिंदी जेमतेम. मी स्टेशनवरून त्यांना रिक्षानं कुंभारीला नेलं. वाटेत त्यांनी विचारलं, मास्तरांना कितपत दिसतं? मी रस्त्याकडं बघत म्हणाले, दिवसावर असतं. हे वाक्य मी आधीपासून तयार ठेवलं नव्हतं, ते आपोआप आलं.

बाई येणार एवढं सोडून मास्तरांना मी काहीही सांगितलेलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. दारातून आम्ही आत गेलो तर मास्तर उठले आणि हात पुढं करून, चाचपत, खुर्चीची पाठ शोधली. बाईंनी पटकन पुढं होऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना बसवलं. मास्तरांनी बसवू दिलं. वहिनी चहा घेऊन आल्या. कपापासून चार बोटं अलीकडं मास्तरांचा हात थांबला, हवेत फिरला, मग कपाला लागला. वहिनी ट्रे तिथंच ठेवून आत गेल्या, त्या परत बाहेर आल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी चहा प्यायले.

बाईंनी ग्राफ बघायला मागितले. मी पसरले. सुंदर, सुंदर, म्हणत त्या एकेक बघत होत्या. मग म्हणाल्या, ती चूक दाखवा ना, तुम्ही दुरुस्त केलेली. मी पाकळीतल्या त्या चौकटीवर बोट ठेवलं. मास्तर समोर बसले होते आणि समोर बसून कुठंच न बघितल्यासारखं बघत होते.

बाई चष्मा वर करून वाकल्या. त्यांचं बोट त्या चौकटीवरून कोपऱ्यातल्या तारखेवर गेलं आणि तिथं थांबलं. त्यांनी मनात वजाबाकी केली ती मला त्यांच्या कपाळावर दिसली.

"हा तर तीस वर्षांपूर्वीचा ग्राफ आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तेव्हा यांची नजर चांगली असेल ना? मग ही चूक कशी?"

बाहेर कुठंतरी माग चालू होता, त्याचे ठोके मी मोजत राहिले. खरं सांगावं तर दिष्टी जाते आणि अर्ज खोटा ठरतो. खोटं सांगावं तर काय सांगावं, तेही सुचत नव्हतं. बाई शांतपणे वाट बघत होत्या. त्यांना शंका आली नव्हती अजून, पण येणार होती.

मास्तरांना इंग्रजी कळत नाही. पण बाईंचं बोट तारखेवर होतं, आणि माझा चेहरा समोर होता.

"काय इच्यारतात?" ते म्हणाले.

मी सांगितलं.

चाळीस वर्षांत कुठल्याही मालकानं, कुठल्याही कारागिरानं त्यांच्या ग्राफमध्ये चूक काढलेली नव्हती, हे मला त्यांच्याच तोंडून नाही, गावातल्या दहाजणांकडून कळलेलं होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"सांग त्यास्नी," ते म्हणाले, "तवापासनंच माझा हात कच्चा हाय. चुकायचो मी."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी ते त्यांना इंग्रजीत करून सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.